गेलेले पेशंट कुठे गेले होते? सिडकोतल्या एका फिजिशियनच्या ओपीडीचा प्रकरण अभ्यास

नाशिकच्या सिडकोत, पवननगर आणि उत्तमनगरच्या मधल्या पट्ट्यात एका एमडी मेडिसिन डॉक्टरांची वीस वर्षांहून जुनी ओपीडी आहे. तळमजल्यावर दवाखाना, वर राहतं घर. डॉक्टरांच्या पत्नी हिशेब पाहतात, रिसेप्शनवर एक ताई आहेत, त्याही पहिल्यापासूनच्या. डॉक्टरांनी हे लिहायला होकार दिला, पण नाव आणि गल्ली नको म्हणाले, त्यामुळे ते इथे फक्त 'डॉक्टर' आहेत. दवाखान्यांच्या कामकाजाची घडी बसवून देणं हा माझा व्यवसाय, आणि त्याच निमित्ताने त्यांनी मला बोलावलं.

तक्रार साधी होती. संध्याकाळी पन्नासच्या घरात असणारी ओपीडी कोविडनंतरच्या तीन वर्षांत तिशीच्या आत आली होती. सकाळची तर आणखी पातळ. जागा स्वतःची असल्यामुळे दवाखाना तगून होता. भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्या फिजिशियनने एव्हाना कुठल्या तरी रुग्णालयात पगारावर नोकरी धरली असती, आणि नाशिकमध्ये तशी धरलेले बरेच जण मला माहीत आहेत.

डॉक्टरांचं स्वतःचं निदान ठरलेलं होतं. मुंबई नाका, द्वारका, इंदिरानगर या भागांत मोठमोठी रुग्णालयं उभी राहिली, त्यांच्या जाहिराती रिक्षांच्या पाठीवरही दिसतात, आणि माणसं आता छातीत जरा दुखलं की थेट हृदयरोगतज्ज्ञ गाठतात. मधला फिजिशियन कुणाला हवाय? शेजारच्या गल्लीत शंभर-दीडशे रुपयांत इंजेक्शन देणारे जनरल प्रॅक्टिशनर आहेतच. "वरून कॉर्पोरेट, खालून शंभर रुपयेवाले. आम्ही मधे चेपलो," हे त्यांचं वाक्य.

हे खोटं नाही. पण एवढ्यावर सगळं उलगडत नव्हतं, आणि का नव्हतं हे समजायला आधी वस्ती बघावी लागते.

वस्तीचं वय

सिडकोची घरं टप्प्याटप्प्याने, 'योजना' म्हणून बांधली गेली. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आलेल्यांनी ती घेतली. त्यात धुळे-जळगावकडचे, मालेगाव-सटाणा-कळवणकडचे लोक भरपूर. श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, घरोघरी बसते तेव्हा सिडकोतल्या गल्ल्या खानदेशातल्या गावासारख्या दिसतात. एकमजली घरं लोकांनी वर चढवली, एक खोली भाड्याने दिली, मुलांना शिकवलं. मुलं पुण्याला गेली किंवा पाथर्डी फाट्याकडच्या, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये.

म्हणजे डॉक्टरांनी पाटी लावली तेव्हा जे पस्तिशीचे फिटर, टर्नर, सुपरवायझर होते, ते आता पंचावन्न-साठीचे आहेत. हेच वय रक्तदाबाचं आणि मधुमेहाचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहावरील आयसीएमआर-इंडिअॅब अभ्यासाचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आहे, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं १५.३ टक्के आणि उच्च रक्तदाबाचं ३५.५ टक्के. हे सगळ्या प्रौढांचं सरासरी प्रमाण आहे, पंचावन्नच्या पुढच्या माणसांत ते आणखी जास्त असणार हे कुणीही फिजिशियन सांगेल.

मग ज्या वस्तीला फिजिशियनची गरज दरवर्षी वाढत चालली आहे, त्याच वस्तीतल्या फिजिशियनची ओपीडी निम्म्यावर कशी येते? मी डॉक्टरांना हा प्रश्न विचारला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गेले असतील ना मोठ्या हॉस्पिटलात." असतील, पण ते तपासलं कुणी होतं? कुणीच नाही.

एजन्सीचा प्रस्ताव

मी जाण्याआधी एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीने प्रस्ताव देऊन ठेवला होता. दरमहा ठरावीक रक्कम, आठवड्याला दोन रील्स, गुगलवर पैसे भरून वरचं स्थान, 'समाधानी रुग्णांचे' व्हिडिओ, आणि पंचतारांकित रिव्ह्यू 'वाढवून' देण्याची हमी. चौकातल्या कमानीवर लावायच्या फलकाचा नमुनाही होता. त्यावर 'नाशिकमधील अग्रगण्य' असं काहीसं छापलेलं.

डॉक्टरांना ते रुचत नव्हतं, पण ते दबावाखाली होते. त्यांच्या बरोबरीचे दोघे-तिघे रील्स करतात. म्हणून आधी नियमांचा कागद समोर घेऊन बसलो. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक आचरणाचे नियम आजही लागू आहेत, आणि त्यात डॉक्टरने स्वतःकडे पेशंट ओढून घेण्यासाठी जाहिरात करणं सरळसरळ गैर ठरवलं आहे. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही काळ बाहेर होतो आणि परत आलो, दुसऱ्या कुणाची प्रॅक्टिस हाती घेतली, अशा मोजक्या प्रसंगी वृत्तपत्रात निवेदन देता येतं. पाटी अवास्तव मोठी नको. तिच्यावर नाव, पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक यापलीकडे फारसं काही नको. औषधाच्या दुकानावर किंवा आपण बसत नाही अशा ठिकाणी पाटी लावणंही अयोग्य. या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम काढले होते. त्यात लाइक आणि फॉलोअर विकत घेणं, पैसे देऊन शोधात नाव वर आणणं हेही स्पष्ट शब्दांत निषिद्ध केलं होतं. ते नियम त्याच महिन्यात, २३ ऑगस्टला स्थगित झाले आणि २००२ चेच पुढे चालू राहिले. पण वैद्यकीय नियामकांची दिशा कुठे आहे ते त्यातून दिसतं.

गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हेच नियम डॉक्टरला आपली फी दवाखान्यात ठळक लावायला सांगतात, आणि आमच्या या दवाखान्यात ती कुठेच लावलेली नव्हती. नवा पेशंट ताईंना हळूच विचारायचा. काही जण न विचारता परत जात असतील तर त्याची नोंद असण्याचं कारणच नाही. पाटी पहिल्या आठवड्यातच लागली: पहिली तपासणी, फेरतपासणी, सात दिवसांत पुन्हा आल्यास शुल्क नाही.

एजन्सीला नकार कळवला. गुगलवरच्या नोंदीचं काम मात्र केलं, कारण ती जाहिरात नाही, पत्ता आहे. नकाशावरची खूण दोन गल्ल्या पलीकडे पडत होती, वेळा जुन्या होत्या, फोन नंबर बंद पडलेल्या लँडलाइनचा. अर्ध्या तासाचं काम. एका नाराज पेशंटच्या रिव्ह्यूला डॉक्टरांनी उत्तरात त्याचा आजार आणि औषधं लिहून टाकली होती, ते उत्तर काढायला लावलं. आपल्या पेशंटचा आजार चारचौघांत उघड करणं कुठल्याही भांडणात समर्थनीय नाही.

केसपेपर काढले

खरं काम पुढे होतं. दवाखान्यात संगणक होता, पण तो पावत्यांपुरता. पेशंटची माहिती जाड कागदाच्या केसपेपरवर, आडनावाच्या क्रमाने लाकडी कप्प्यांत. ताईंना नाव सांगा, त्या डोळे मिटून कागद काढतील. मी त्यांना एकच काम दिलं. मागच्या दोन वर्षांत ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी सुरू आहे असे सगळे कागद बाजूला काढायचे, आणि त्यातले जे सहा महिन्यांत आलेले नाहीत त्यांची वेगळी थप्पी करायची.

ती थप्पी पाहून डॉक्टर उभेच राहिले. सुरू असलेल्या पेशंटांच्या थप्पीपेक्षा ती फार लहान नव्हती. एकेक कागद हातात घेऊन ते सांगू लागले, हा बॉशमधून निवृत्त झालेला, हिचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात होता, याला मी अॅटॅकच्या दिवशी स्वतः रुग्णवाहिकेत बसवला होता. सगळे ओळखीचे. आणि सगळ्यांबद्दल त्यांची समजूत एकच, की हे मोठ्या रुग्णालयात गेले.

ताईंनी फोन लावायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट फार जपली. "तुम्ही का येत नाही?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्यात माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि खोटं बोलतो. "काका, साहेबांनी विचारलंय, तब्येत कशी आहे, गोळ्या चालू आहेत ना? बीपी कधी बघितलं होतं शेवटचं?" एवढंच. कुठलीही सवलत नाही, पॅकेज नाही, 'या आठवड्यात या' नाही. आपल्याच उपचाराखाली असलेल्या माणसाची चौकशी आणि पेशंट ओढणं यांच्यातली रेघ बारीक आहे. सवलत आली की ती ओलांडली जाते, असं माझं मत आहे आणि डॉक्टरांनाही ते पटलं.

पहिल्याच संध्याकाळी एक उत्तर आलं आणि नंतर ते वेगवेगळ्या तोंडून येतच राहिलं.

"गोळ्या चालूच आहेत की ताई. मेडिकलवाला देतो ना."

"कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिल्यात, दादा?"

"साहेबांनीच. तीच चिठ्ठी आहे, लॅमिनेशन करून ठेवलीय."

मोठ्या रुग्णालयात गेलेले होते, नाही असं नाही. अॅन्जिओप्लास्टी झालेले तिथेच फेरतपासणीला जात होते आणि ते योग्यच होतं. काही जण मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. दोन घरांतून कळलं की माणूसच राहिला नाही. पण सगळ्यांत मोठा गट होता तो कुठेच न गेलेल्यांचा. जुनीच चिठ्ठी दाखवून तीच रक्तदाबाची टेल्मिसार्टन, तीच मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणारे. रक्तदाब मोजलेला नाही, साखर तपासलेली नाही, किडनीची तपासणी तर कधीच नाही. त्यांच्या मते ते आजही डॉक्टरांचेच पेशंट होते. "आमचे डॉक्टर कोण? तेच, पवननगरचे," असं ते शेजाऱ्यांना सांगत असणार.

इथे प्रकरणाला वळण मिळालं. डॉक्टर ज्याच्याशी झुंजत होते तो स्पर्धक मुंबई नाक्यावर नव्हताच. गोळी संपली की चालत जाऊन आणता येते आणि डॉक्टरकडे गेलं की संध्याकाळ जाते, एवढ्या साध्या हिशेबाने माणसं गळली होती. आणि ही गळती धंद्याची म्हणून तर आहेच, पण त्याहून ती जिवाची आहे. नियंत्रणात नसलेला रक्तदाब वर्षानुवर्षं काही बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा पक्षाघात म्हणून बोलतो.

सार्वजनिक आरोग्यात ही गोष्ट नवीन नाही. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, महाराष्ट्र त्यात पहिल्या राज्यांपैकी होता. त्याचा गाभा अगदी साधा: ठरलेला औषधक्रम, प्रत्येक पेशंटचं कार्ड, रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे की नाही याची नोंद, आणि ठरलेल्या तारखेला जो आला नाही त्याला शोधून फोन. सरकारी आरोग्य केंद्रात जे जमतं ते खासगी एमडीच्या दवाखान्यात का नसावं, हे मला खरोखर कळत नाही. आपल्याकडे फिजिशियनच्या दवाखान्यात आलेल्याची पावती फाटते, न आलेल्याची नोंद कुठेच होत नाही.

तर नोंद सुरू केली. महागडं सॉफ्टवेअर घेतलं नाही. एक लांब रजिस्टर: नाव, फोन, आजार, आजचा रक्तदाब किंवा साखर, पुढची तारीख. दर सोमवारी ताई मागच्या आठवड्यात चुकलेल्यांच्या नावापुढे खूण करतात आणि दुपारी फोन लावतात. रजिस्टर कुलपात. फोन किंवा मेसेज चालेल का हे पेशंटला आधी विचारून केसपेपरवर त्याची सही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आहे म्हणून तर ते करावंच, पण एरवीही सुनेच्या फोनवर सासऱ्यांच्या आजाराचा मेसेज जाऊ नये एवढी काळजी दवाखान्याने घ्यायलाच हवी.

संध्याकाळ जाते म्हणजे कुठे जाते

न येण्याचं दुसरं कारण फोनवर पुन्हा पुन्हा आलं, ते म्हणजे थांबावं लागण्याचं. कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्याला खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. कायम कामगाराकडे कंपनीची मेडिक्लेम असते, पण ती भरती झाल्यावरची. ओपीडीचे पैसे खिशातूनच जातात. राज्य कामगार विमा योजनेत (ईएसआय) २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेले येतात, त्यांना सातपूरचं रुग्णालय आहे, तरी रोजच्या आजाराला ते घराजवळच बघतात. अशा माणसाला फीपेक्षा दोन तास जड पडतात.

मी एक पूर्ण आठवडा बाकावर बसून होतो. दवाखाना संध्याकाळी सहाला उघडायचा. साडेपाचला लोक येऊन नंबर लावून जायचे, काही जण घरी जाऊन परत, काही तिथेच. डॉक्टर सव्वासहाला खाली यायचे. आणि मग काय व्हायचं ते बाकावरून फार स्पष्ट दिसतं. पाच नंबर बाहेर आला की सहा नंबर उठतो, तेवढ्यात काळी बॅग घेतलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, आत. दोन मिनिटं. सात नंबरच्या वेळी एक गृहस्थ दारातून डोकावतात, "फक्त रिपोर्ट दाखवायचाय." हे 'फक्त' आठ मिनिटं चालतं. मग विम्याच्या फॉर्मवर सही. मग दाखला. बाकावरची माणसं यातलं प्रत्येक मिनिट मोजत असतात. एमआर आत गेला की बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघतात, आणि त्या बघण्यात या दवाखान्याबद्दलचं मत तयार होत असतं. डॉक्टरांना आत बसून यातलं काहीही दिसत नव्हतं.

बदल फार मोठे नव्हते, पण एकेक बदल करताना डॉक्टरांना जिवावर आलं. एमआरसाठी दुपारी दीड ते दोन, ओपीडीच्या वेळेत कुणीही नाही. त्यातल्या काहींशी त्यांची पंधरा वर्षांची मैत्री, त्यांना नाही म्हणणं अवघड गेलं. रिपोर्ट दाखवणाऱ्यांसाठी साडेपाच ते सहा, आणि त्यासाठी डॉक्टरांनी अर्धा तास आधी खाली यायचं. सह्या आणि फॉर्म ताईंकडे ठेवून जायचे, दुसऱ्या दिवशी न्यायचे.

सगळ्यांत जास्त फरक पडला तो सकाळच्या वेळेने. आठवड्यातून दोन दिवस साडेसात ते नऊ, फक्त मधुमेह आणि रक्तदाबवाल्यांसाठी. उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं, वजन आणि रक्तदाब ताई घेतात, डॉक्टर बघतात, जनरल शिफ्टवाला नऊच्या आत कामावर. रात्रपाळी संपवून येणारे थेट कारखान्यातूनच येतात. त्यांची साखर उपाशीपोटीची धरायची की नाही, गोळ्यांच्या वेळा झोपेशी कशा जुळवायच्या, हा वेगळाच विषय निघाला आणि डॉक्टर त्यात रमले. अंबडच्या कामगाराचा मधुमेह शिफ्टप्रमाणे वागतो. हे त्यांना माहीत होतं, पण विचारायला संध्याकाळच्या गर्दीत सवड नव्हती.

गोळ्यांची पिशवी

परत आलेल्यांना ताई फोनवर एक गोष्ट सांगत: घरात ज्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून आणा, रिकामी पाकिटंसुद्धा. ही कल्पना डॉक्टरांची, आणि या सगळ्या प्रकरणात मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

निवृत्त झालेले एक काका आले. त्यांच्या परवानगीने मी कोपऱ्यात बसलो होतो. त्यांनी किराणा दुकानाची पिशवी टेबलावर उलटी केली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्ट्रिपा पत्त्यांसारख्या मांडल्या. एक टेल्मिसार्टन, त्यांनीच दिलेली. दुसरी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची, मधे गावी गेले असताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. आत तेच टेल्मिसार्टन. काका दोन्ही घेत होते, एक सकाळी, एक रात्री. शिवाय गुडघ्यासाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली दुखण्याची गोळी, रोज. दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या की रक्तदाब वाढतो आणि किडनीवर ताण येतो, त्यात ही दुहेरी मात्रा.

"चक्कर येते का, काका, उठताना?"

"येते ना. वय झालं म्हटलं."

डॉक्टरांनी एक स्ट्रिप बाजूला काढली, दुखण्याची गोळी थांबवली, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि का लिहून दिल्या ते सांगितलं. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत सकाळ आणि रात्र असे दोन रकाने करून गोळ्यांची मूळ नावं लिहिली. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. काका जाताना म्हणाले, "बायकोला पण आणतो, तिची पिशवी माझ्यापेक्षा मोठी आहे."

ती आली. तिच्यासोबत शेजारीण आली. पेशंट कसे आकर्षित करायचे या प्रश्नाला या दवाखान्यात मिळालेलं उत्तर हे असं होतं. गल्लीत ओट्यावर बसलेल्या माणसांत 'डॉक्टरांनी माझी एक गोळी बंद केली' ही बातमी जितकी लांब जाते तितकी कुठलीच रील जात नाही. पेशंट गृहीत धरून बसलेला असतो की डॉक्टर वाढवणार, लिहिणार, पाठवणार. कमी करणारा डॉक्टर त्याला नवा असतो. यात कटचा मुद्दाही आहे. पेशंट पाठवल्याबद्दल किंवा तपासणीबद्दल कमिशन घेणं-देणं २००२ च्या नियमांत निषिद्धच आहे, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिस रोखण्याच्या कायद्याचा मसुदा करायला समितीही नेमली होती. हे डॉक्टर कट घेत नाहीत, पण ते पेशंटला कसं कळणार? तपासणी का हवी हे प्रत्येक वेळी दोन वाक्यांत सांगितलं आणि "कुठल्याही चांगल्या लॅबमधून करा" म्हटलं, की कळतं. आधी ते हे म्हणतच नसत, कारण त्यांना ते सांगण्याची गरज वाटत नव्हती.

स्वस्त औषधांचंही तसंच. गोळी सोडून दिलेल्या काहींनी ताईंना फोनवर खरं कारण सांगितलं होतं, की महिन्याचा खर्च झेपत नाही. समोर बसून डॉक्टरांना ते कधीच म्हणाले नसते. आता चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव असतं आणि जनऔषधी केंद्रातून घ्यायचं असेल तर घ्या, असं डॉक्टर स्वतःहून सांगतात.

व्हॉट्सअॅप

कोविडच्या काळात डॉक्टरांनी शेकडो लोकांना फोनवर सांभाळलं. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकची काय अवस्था होती ती इथे कुणाला सांगायला नको. त्या काळात लागलेली सवय मात्र राहून गेली. रात्री अकराला रिपोर्टचा फोटो, खाली 'सर कसं आहे?' डॉक्टर उत्तर द्यायचे, फुकट, आणि पेशंटच्या मनात तपासणी होऊन जायची. म्हणजे जे येऊ शकत होते तेही येईनासे झाले, आणि वर डॉक्टरांची झोप गेली.

२५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं दूरस्थ सल्ल्याला परवानगी देतात, त्यासाठी फी घेऊ देतात, आणि प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत फोनवरून फेरसल्ला देण्याची सोयही त्यात आहे. त्याचाच आधार घेतला. दुपारी ठरावीक वेळ, ताईंकडे नाव नोंदवायचं, फी यूपीआयने, सल्ल्यानंतर नीट लिहिलेली चिठ्ठी, त्याची केसपेपरवर नोंद. बाकी वेळी आलेल्या मेसेजला ठरलेलं उत्तर जातं: तातडीचं असेल तर फोन करा, नसेल तर उद्या दुपारी. पहिला महिना कुरकुर झाली. दोघा-तिघांनी 'डॉक्टर बदलले, पैसेवाले झाले' असं बोलून दाखवलं आणि ते डॉक्टरांना लागलंही. पण मुलगा पुण्याहून आईसाठी फी भरून वेळ घेतो आणि तिच्या शेजारी बसलेल्या बहिणीला प्रश्न विचारायला लावतो, असे फोन आता नियमित आहेत.

काय जमलं, काय अडलं

वर्षभरानंतर संध्याकाळची ओपीडी पन्नासवर गेलेली नाही. पण सकाळचे दोन दिवस भरलेले असतात, दुपारचे फोन आहेत, आणि दिवसाचा एकूण आकडा कोविडआधीच्या जवळ आला आहे. डॉक्टर संध्याकाळी साडेनऊऐवजी साडेआठला वर जातात. थप्पीतले निम्म्याहून जास्त निदान एकदा येऊन गेले. त्यातले काही पुन्हा गळाले, त्यांना ताई पुन्हा फोन करतात.

मोफत शिबिराचा अनुभव मात्र सांगायला हवा, कारण नाशिकमध्ये प्रत्येक डॉक्टरला तो मोह होतो. माझ्या येण्याआधी एका रविवारी मंडळाच्या मांडवात साखर तपासणीचं शिबिर झालं होतं. रांग कोपऱ्यापर्यंत गेली. ज्यांची साखर जास्त निघाली त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. पुढे त्यातलं कोणी दवाखान्यात आलं की नाही, सांगता येत नाही. या वर्षी पुन्हा केलं ते लहान. वाढलेली साखर ज्यांची निघाली त्यांचे नंबर घेतले आणि आठवड्यात 'कुठल्याही डॉक्टरकडे जा, पण पक्की तपासणी करून घ्या' एवढाच फोन केला. काही इथेच आले. कानबाईच्या आठवड्यात शिबिर ठेवू नका, निम्मी वस्ती गावाला असते आणि उरलेली रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, तयारीत, हे ताईंनी सांगितलं म्हणून तारीख पुढे गेली.

तरुण मात्र आलेले नाहीत. तिशी-पस्तिशीची मुलं मोबाइलवर वेळ ठरवून मिळते तिथे जातात. आम्ही संध्याकाळी वेळ देऊन बघितली, तर साडेसहाची वेळ घेतलेला आणि साडेपाचपासून नंबर लावून बसलेला यांच्यात बाकावरच वाद. अर्धे वेळेचे, अर्धे नंबरचे अशी वाटणी करून पाहिली, तीही धड बसली नाही. ज्येष्ठांना नंबर समोर दिसतो तेव्हाच विश्वास वाटतो. यावर अजून मार्ग सापडलेला नाही.

आणि एक मोठी कच्ची बाजू आहे. हे सगळं ताईंवर उभं आहे. त्यांना आवाजावरून पेशंट कळतो, कोणाच्या घरात काय चाललंय माहीत असतं, कुठे सुनेशी बोलायचं नाही हे ठाऊक असतं. त्या आजारी पडल्या तेव्हा तीन सोमवार फोन झाले नाहीत आणि रजिस्टरात ते लगेच दिसलं. डॉक्टरांनी त्यांचा पगार वाढवला आहे, आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या एका मुलीला सकाळच्या वेळेसाठी घेतलं आहे. ती रक्तदाब उत्तम मोजते, पायांची तपासणी शिकते आहे. फोन मात्र तिला ताईंनी अजून करू दिलेला नाही. सध्या ती सोमवारी दुपारी शेजारी बसून ऐकते, आणि कोण काय म्हणालं ते रजिस्टरात लिहिते.